संडे सायलेन्स: १७,००० डॉलरला अडलेलं शिंगरू आणि जपानची पैदास

जुलै १९८७. केंटकीतल्या कीनलंडच्या निवडक विक्रीत एक काळसर, सडपातळ, वर्षभराचं शिंगरू रिंगणात आलं. मागून पाहिलं की त्याच्या मागच्या पायांचे मधले सांधे, म्हणजे हॉक, एकमेकांना घासतील की काय इतके आत वळलेले. बाजूने पाहिलं तर तिथेच पाय कोयत्यासारखा वाकलेला. बोली १७,००० डॉलरवर अडली, आणि ती शेवटची बोलीही ज्याच्या स्टोन फार्मवर ते जन्मलं त्या आर्थर हॅनकॉकचीच होती. इतक्या स्वस्तात जाऊ नये म्हणून त्याने हात वर केला होता. पण पैदास करणाऱ्या मूळ मालकांनाही शिंगरू परत नको होतं, म्हणून ते हॅनकॉकच्याच गळ्यात पडलं.

हाच पुढे संडे सायलेन्स झाला. २५ मार्च १९८६ चा जन्म, बाप हेलो, आई विशिंग वेल. अमेरिकेत तो १९८९ चा ‘हॉर्स ऑफ द इयर’ ठरला, आणि जपानमध्ये १९९५ ते २००७ अशी सलग १३ वर्षं त्याच्या संततीने सर्वाधिक बक्षिसं कमावली. सगळ्यांनी नाकारलं आणि सगळेच चुकले, अशी ही हकिकत नेहमी सांगितली जाते. ती अर्धीच खरी आहे. नाकारणाऱ्यांची निरीक्षणं जवळपास सगळी बरोबर होती. त्यांचा हिशेब कुठे बिघडला, हे पाहण्यासारखं आहे.

आधी पायांचं बघू. घोडा पळताना ढकलण्याचं बळ मागच्या पायांतून येतं आणि ते हॉकमधून पुढे जातं. सांधा आत वळलेला असेल तर वजन त्याच्या आतल्या बाजूवर जास्त पडतं. कोयत्यासारखा वाकलेला असेल तर मागच्या अस्थिबंधावर ताण येऊन तिथे सूज धरते. असे घोडे पळतच नाहीत असं नाही, पण रोजच्या सरावात दुखावण्याची शक्यता वाढते. शिवाय वाढत्या वयात छाती आणि पुठ्ठे रुंदावतात, तसे आत वळलेले हॉक काही शिंगरांत बरेच सरळ होतात, काहींत होत नाहीत. कुणाचे होतील हे वर्षभराच्या वयात कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ग्राहकाने पैसे राखून ठेवले, यात त्याचा दोष नाही.

दुसरं रक्ताचं. हेलो उत्तम स्टॅलियन, म्हणजे पैदाशीचा घोडा होता, त्याच्या सनीज हेलोने १९८३ ची केंटकी डर्बी जिंकली होती. पण हेलो चावरा म्हणून प्रसिद्ध होता, तोंडाला मुसकं बांधून त्याला हाताळावं लागे. विशिंग वेलने स्वतः १२ शर्यती मारल्या होत्या, मात्र तिच्या मागच्या पिढ्यांत मोठं नाव नव्हतं. कॅटलॉगच्या पानावर आईकडची बाजू ओकीबोकी दिसली की बोली तिथेच निम्मी होते.

त्यात नशीबही आडवं येत होतं. दूध तुटल्यावर हगवणीच्या आजाराने ते मरता मरता वाचलं होतं. मार्च १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात दोन वर्षांच्या घोड्यांच्या विक्रीत पुन्हा उभं केलं, तेव्हा बोली ३२,००० डॉलरवर थांबली. हॅनकॉकने ५०,००० ची किमान किंमत ठेवली होती, म्हणून सौदा झाला नाही. केंटकीला परतताना गाडीच्या चालकाला हृदयविकाराचा झटका आला आणि गाडी उलटली. संडे सायलेन्स त्यातूनही वाचला. शेवटी ट्रेनर चार्ली व्हिटिंगहॅमने अर्धा हिस्सा २५,००० डॉलरला घेतला आणि त्यातला अर्धा डॉ. अर्नेस्ट गेलार्ड यांना दिला.

शर्यतीचा घोडा म्हणून त्याचा हिशेब सरळ आहे: १४ शर्यती, ९ विजय, ५ वेळा दुसरा. पहिल्या दोनाबाहेर तो कधी गेलाच नाही. कमाई ४९,६८,५५४ डॉलर. ऑक्टोबर १९८८ मध्ये सांता अनिटाला पहिल्या शर्यतीत दुसरा, पुढच्याच महिन्यात हॉलिवूड पार्कला १० लेंग्थनी (एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) पहिला विजय. एप्रिल १९८९ मध्ये सांता अनिटा डर्बी ११ लेंग्थनी मारली, तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर त्याच्या पायांबद्दल बोलणं थांबलं. पूर्वेकडे मात्र सगळ्यांची नजर इझी गोअरवर होती. तो अलिडारचा मुलगा, आई रिलॅक्सिंग, दोन्हीकडून राजघराणं, दिसायला देखणा, लालसर, भरदार.

दोघे चार वेळा भिडले. ६ मे १९८९ ला चर्चिल डाउन्सवर चिखल होता. सरळ पट्ट्यात संडे सायलेन्स डावी-उजवीकडे भरकटत पळाला आणि तरीही अडीच लेंग्थनी केंटकी डर्बी जिंकला. वेळ २ मिनिटं ५ सेकंद. त्या भरकटण्यावरून टीका झाली. कच्च्या, बुजऱ्या घोड्याने वाट सोडूनही अडीच लेंग्थ राखले, हे त्या टीकेत कुणी मोजलं नाही.

दोन आठवड्यांनी प्रीकनेस. त्याआधी त्याच्या पुढच्या एका खुराला मार बसला आणि सरावाचे काही दिवस बुडाले. पिमलिकोच्या शेवटच्या पट्ट्यात इझी गोअर आतल्या कठड्याला आणि संडे सायलेन्स बाहेरून, दोघांची डोकी एका रेषेत. जॉकी पॅट डेने लगाम ओढल्याने इझी गोअरचं तोंड बाहेर, थेट प्रतिस्पर्ध्याकडे वळलेलं होतं. जॉकी पॅट व्हॅलेन्झुएलाच्या खाली संडे सायलेन्सची मान मात्र सरळ पुढे ताणलेली. फरक नाकाएवढा. पैदासकाराने या शर्यतीतून एकच गोष्ट टिपायला हवी होती: बरोबरीला घोडा आला की हा कान पाडून आणखी पुढे सरकतो. अशी जिद्द कॅटलॉगच्या पानावर दिसत नाही.

बेलमाँटच्या १२ फर्लांगांत (एक फर्लांग म्हणजे सुमारे २०० मीटर) इझी गोअरने ८ लेंग्थनी परतफेड केली आणि डर्बी, प्रीकनेस, बेलमाँट या तिन्ही जिंकण्याचा ट्रिपल क्राउन हुकला. नंतर स्वॉप्स स्टेक्समध्ये प्राइझ्ड या घोड्याने संडे सायलेन्सला शेवटी गाठलं. सप्टेंबरात सुपर डर्बी ६ लेंग्थनी, आणि ४ नोव्हेंबरला गल्फस्ट्रीम पार्कला ब्रीडर्स कप क्लासिक. या वेळी वर क्रिस मॅकॅरन होता. त्याने इझी गोअरच्या आधी चाल केली, फरक मिळवला आणि मानेभर अंतराने तो टिकवला. १० फर्लांग, २ मिनिटं आणि एक पंचमांश सेकंद. चार लढतींत तीन विजय.

त्या हिवाळ्यात गुडघ्यातला हाडाचा तुकडा दुर्बिणीतून काढला गेला. १९९० मध्ये तो दोनदाच पळाला: कॅलिफोर्नियन स्टेक्स जिंकला, हॉलिवूड गोल्ड कपमध्ये क्रिमिनल टाइपकडून डोक्याएवढ्या अंतराने हरला. मग पुढच्या पायाचा अस्थिबंध फाटला आणि कारकीर्द संपली.

आता पैदाशीचा प्रश्न. अमेरिकेतला ठरलेला मार्ग म्हणजे सिंडिकेट. स्टॅलियनचे साधारण ४० हिस्से पाडायचे, प्रत्येक हिस्सेदाराला दर वर्षी एक घोडी फळवून घेण्याचा हक्क. हॅनकॉकने हिस्सा अडीच लाख डॉलरला ठेवला, म्हणजे घोड्याची किंमत १ कोटी. डर्बी, प्रीकनेस आणि क्लासिक जिंकलेल्या घोड्याला हे फार नव्हतं. तरी घेणारे बोटांवर मोजण्याइतकेच निघाले.

हिस्सा घेणाऱ्याच्या जागी बसून पाहिलं तर कारण कळतं. १९९१ मध्ये घोडी फळवली तर शिंगरू १९९२ मध्ये येतं, ते १९९३ मध्ये वर्षाचं होऊन विक्रीला उभं राहतं आणि १९९४ मध्ये पहिल्यांदा पळतं. शिंगरांची धाव दिसायच्या आधी दोन-तीन तुकड्या, म्हणजे एकेका वर्षाची शिंगरं, विकाव्या लागतात, आणि त्या विकल्या जातात केवळ बापाच्या रूपावर आणि रक्तावर. संडे सायलेन्सची शिंगरंही आत वळलेले हॉक घेऊन रिंगणात आली तर ग्राहक पुन्हा तोंड फिरवणार, ही भीती खरी होती. त्यात १९८६ च्या करसुधारणेने घोड्यांतला तोटा इतर उत्पन्नातून वजा करण्याची सोय आवळली होती, आणि हौशी पैसा बाजारातून निघून गेला होता. १९८५ मध्ये एका शिंगराला १ कोटी ३१ लाख डॉलर देणारा बाजार आता राहिला नव्हता. विकण्यासाठी पैदास करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ‘नको’ हे उत्तर शहाणपणाचंच होतं.

जपानी पैदासकार झेन्या योशिदांचं गणित वेगळं होतं, कारण त्यांचा शाडाई हा विकण्यापुरता धंदा नव्हता. स्वतःच्या घोड्या, स्वतःचे फार्म आणि पळवण्यासाठीची स्वतःची मालकी मंडळं, असं सगळं त्यांच्या हाताशी होतं. शिंगरू दिसायला वाकडं असलं तरी पळवून दाखवता येत होतं. योशिदांनी १९९० च्या सुरुवातीला पाव हिस्सा २५ लाख डॉलरला घेतला होता, दुखापतीनंतर उरलेलाही घेतला. होक्काइडोतल्या शाडाई स्टॅलियन स्टेशनवर घोडा आला तेव्हा जपानमध्ये ६० हिस्से पाडले गेले, प्रत्येकी ४ कोटी १५ लाख येन, एकूण २४९ कोटी येन. हे हिस्से सगळे गेले.

योशिदांच्या हातात आणखी एक गोष्ट होती, आणि आमच्या मते निकाल तिथेच ठरला. १९७२ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या साराटोगाच्या विक्रीतून नॉर्दर्न डान्सर या नामवंत स्टॅलियनचा नॉर्दर्न टेस्ट हा मुलगा १ लाख डॉलरला घेतला होता. तो जपानमध्ये १० वेळा अव्वल स्टॅलियन, म्हणजे ज्याची संतती सर्वाधिक कमावते असा, ठरला. त्याचा परिणाम असा की १९९० पर्यंत शाडाईच्या कुरणांवर त्याच्या मुलीच मुली. त्यांना कोण फळवणार? बाहेरून येणारा जवळजवळ प्रत्येक चांगला घोडा नॉर्दर्न डान्सरचाच कुणीतरी निघायचा. संडे सायलेन्सच्या अंगात नॉर्दर्न डान्सर अजिबात नव्हता. त्याच वेळी हेलोची आई कॉस्मा आणि नॉर्दर्न डान्सरची आई नताल्मा या दोघी अल्माहमूद या एकाच घोडीच्या मुली, म्हणजे हेलो आणि नॉर्दर्न डान्सर मावसभाऊ. नातं फार जवळचं नाही आणि अगदी परकंही नाही. दाइवा मेजर आणि ड्युरंडल हे दोन्ही नामवंत घोडे याच जोडणीतले, बाप संडे सायलेन्स आणि आईचा बाप नॉर्दर्न टेस्ट. जोडीला परदेशातून निवडून आणलेल्या घोड्या होत्या. निजिन्स्कीची मुलगी डान्सिंग की हिने त्याच्यापासून डान्स पार्टनर, डान्स इन द डार्क आणि डान्स इन द मूड दिले.

पैदासशाळेतलं काम बाहेरून दिसतं तितकं सोपं नसतं. थरोब्रेड या शर्यतीच्या घोड्यांच्या जातीच्या नोंदवहीत फक्त नैसर्गिक संयोगातून झालेलं शिंगरू घेतात. कृत्रिम रेतन चालत नाही, त्यामुळे प्रत्येक घोडी घोड्यासमोर आणावीच लागते. घोडीचं चक्र साधारण २१ दिवसांचं, त्यात माज ५ ते ७ दिवस, आणि बीज सुटतं माजाच्या शेवटाकडे. सोनोग्राफीत बीजकोश ३५ मिलिमीटरच्या पुढे गेलेला दिसला की इंजेक्शन देऊन बीज पुढच्या ३६ ते ४८ तासांत सुटेल अशी व्यवस्था करतात आणि त्या वेळेत एकच संयोग साधतात. घोडीची शेपटी गुंडाळलेली, मागचा भाग धुतलेला, मागच्या खुरांना लाथ बसू नये म्हणून जाड बूट. घोडा चढल्यावर मोतद्दाराची नजर त्याच्या शेपटीवर असते: ती ठेक्यात वर-खाली झाली की काम झालं. उतरताना पडलेला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहून खात्री करतात. १४ ते १६ दिवसांनी गाभ तपासतात आणि जुळं दिसलं तर एक पिशवी तिथेच दाबून मोडतात, कारण घोडीत जुळी शिंगरं क्वचितच धड जन्मतात. गाभणकाळ सुमारे ११ महिने.

पहिल्या हंगामात संडे सायलेन्सकडे शंभराहून कमी घोड्या होत्या. शेवटच्या वर्षांत त्या दोनशेच्या पुढे गेल्या. काही घोड्या दुसऱ्यांदा येतात हे धरलं तर हंगामात तीनशेच्या आसपास संयोग होतात. फेब्रुवारीच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंतच्या सुमारे १४० दिवसांत ते बसवायचे, म्हणजे सरासरी रोज दोन आणि भर हंगामात तीन-चार. एवढं झेपायला घोड्याची इच्छा शाबूत लागते आणि वीर्य सकस लागतं. त्याच्याकडे दोन्ही होतं. व्हिटिंगहॅमच्या तबेल्यात त्रासदायक ठरलेला त्याचा तापट स्वभाव इथे अडचण ठरला नाही.

योशिदा १९९३ मध्ये गेले. पहिली शिंगरं पळायला लागली १९९४ मध्ये. त्याच वर्षी फुजी किसेकीने दोन वर्षांच्या घोड्यांची सर्वांत मोठी शर्यत जिंकली. १९९५ मध्ये जेन्युइनने सात्सुकी शो (जपानच्या ट्रिपल क्राउनमधली पहिली शर्यत), डान्स पार्टनरने ओक्स आणि तायासु त्सुयोशीने जपान डर्बी मारली. डर्बीत दुसरा आलेला जेन्युइनही त्याचाच. पहिल्याच तुकडीच्या जोरावर तो अव्वल स्टॅलियन झाला. एकूण १२ तुकड्यांतून सहा डर्बी विजेते निघाले, शेवटचा २००५ चा डीप इम्पॅक्ट, ज्याने ट्रिपल क्राउन अपराजित राहून घेतला.

एक गोष्ट कुणालाच आधी दिसली नव्हती. संडे सायलेन्स आयुष्यभर मातीच्या ट्रॅकवर पळाला, हिरवळीवर एकदाही नाही. जपानच्या मोठ्या शर्यती मात्र हिरवळीवर होतात. त्याची शिंगरं तिथे हलक्या पायाने, मागून येऊन शेवटच्या दोन-तीन फर्लांगांत एकदम वेग घेणारी निघाली. धागा होता, पण आईकडे: विशिंग वेलने गेमली हँडिकॅप हिरवळीवर जिंकली होती. ओकीबोकी म्हणून उलटलेल्या पानावरच ते लिहिलेलं होतं.

पायांबद्दलची शंका मात्र पुरती खोटी ठरली नाही. फुजी किसेकी आणि अग्नेस टॅकियॉन दोघेही चार शर्यती अपराजित राहून पुढच्या पायाच्या कंडरेच्या दुखापतीने निवृत्त झाले. सायलेन्स सुझुकाचा पाय १९९८ च्या शरदातल्या टेन्नो शोमध्ये आघाडीवर पळताना मोडला आणि त्याला झोपवावं लागलं. डीप इम्पॅक्टच्या खुराची भिंत इतकी पातळ होती की खिळे न ठोकता नाल चिकटवावी लागे. अशा घोड्यांना सांभाळून पळवणारे, आणि निवृत्तीनंतर लगेच पैदाशीला घेणारे लोक असल्यामुळेच त्यांचं रक्त वाया गेलं नाही. अग्नेस टॅकियॉन स्वतः २००८ चा अव्वल स्टॅलियन झाला.

बाजाराची नजर घरच्या मैदानावरही फार सुधारली नव्हती. डीप इम्पॅक्ट २००२ च्या विक्रीत ७ कोटी येनला गेला. चणीने लहान म्हणून. त्याच विक्रीत त्याच बापाची इतर शिंगरं त्याहून कितीतरी महाग गेली.

जपानला पाठवला म्हणून यश आलं, असं समजणाऱ्यांनी फर्डिनांड आठवावा. तोही व्हिटिंगहॅमचाच, १९८६ च्या डर्बीचा विजेता, १९८७ चा हॉर्स ऑफ द इयर. अमेरिकेत स्टॅलियन म्हणून चालला नाही, १९९४ मध्ये जपानला विकला गेला, तिथेही घोड्या मिळेनात, आणि २००२ मध्ये तो कत्तलखान्यात गेल्याचं पुढच्या वर्षी उघड झालं. ही बातमी आजही वाचवत नाही. इझी गोअर केंटकीतल्या क्लेबोर्न फार्मला राहिला, उत्तम घोड्या मिळाल्या, माय फ्लॅगसारखी मुलगी दिली, पण १९९४ मध्ये आठव्या वर्षीच मेला. त्याचा पूर्ण हिशेब कधीच होऊ शकला नाही.

संडे सायलेन्सचा शेवटही पायातच झाला. २००२ च्या वसंतात पुढच्या एका पायाला जंतुसंसर्ग झाला. घोडा दुखरा पाय टेकत नाही, सगळा भार समोरच्या निरोगी पायावर घेऊन उभा राहतो. खुराच्या आतलं रक्ताभिसरण मात्र पाय उचलण्या-टेकण्यावर चालतं. दिवसेंदिवस भार न हलल्याने हाडाला खुराच्या भिंतीशी जोडणारे बारीक पापुद्रे उपाशी पडतात, सुजतात, सुटतात, आणि आतलं हाड खाली खचतं. याला लॅमिनायटिस म्हणतात. हे उलटवणारं औषध नाही. जाड मऊ बिछाना, खुराला खालून आधार, वेदनाशामकं, आणि मूळ पायाचा संसर्ग लवकर आटोक्यात आणणं एवढंच हातात असतं. १९ ऑगस्ट २००२ ला, १६ व्या वर्षी तो गेला. त्याच वर्षी २५ मार्चला, म्हणजे बापाच्याच तारखेला, डीप इम्पॅक्ट जन्मला होता.

त्याने निर्माण केलेली अडचण आज नॉर्दर्न टेस्टच्या मुलींसारखीच आहे. जपानमधल्या घोड्यांच्या वंशावळीत तो जिकडेतिकडे आहे. डीप इम्पॅक्ट २०१२ पासून २०२२ पर्यंत अव्वल राहिला. २०२५ ची ब्रीडर्स कप क्लासिक जिंकणारा फॉरएव्हर यंग हा डीप इम्पॅक्टच्या रियल स्टीलचा मुलगा. मग घोडी कुणाकडे न्यायची? पहिला उपाय किंग कामेहामेहाच्या घराण्याचा. त्यात संडे सायलेन्स नाही, म्हणून लॉर्ड कॅनालोआ आणि संडे सायलेन्सची मुलगी यांच्यापासून आमंड आय मिळाली. दुसरा उपाय, संडे सायलेन्सचं नाव बापाकडून चौथ्या आणि आईकडून तिसऱ्या पिढीत पडेपर्यंत थांबायचं. २०२० ची ट्रिपल क्राउन विजेती घोडी डेअरिंग टॅक्ट आणि २०२१ चा सात्सुकी शो विजेता एफोरिया दोघेही अशा ४ × ३ जोडणीचे. त्यात संडे सायलेन्सचा वाटा १८.७५ टक्के येतो, आणि त्याच्यामुळे येणारा अंतःप्रजननाचा, म्हणजे जवळच्या नात्यातल्या जोडणीचा, गुणांक १.५६ टक्के, म्हणजे सोसण्याजोगा. नाव ३ × ३ वर आलं की तो दुप्पट होऊन ३.१२ टक्क्यांवर जातो, आणि तिथे अनुभवी पैदासकार घोडीच्या बाकीच्या वंशावळीत आणखी कोण दोनदा आलंय ते तपासल्याशिवाय पुढे जात नाही.